पहिल्या गाठीची ओटी

माझ्या कामाला धड नाव नाही. अठ्ठावीस हंगाम मी जिनिंगमध्ये कचरा वेचला. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी झाडू मारत होते. झाडू मारणारी बाई वेगळी होती आणि तिला आमच्यापेक्षा जास्त सुट्ट्या मिळायच्या.

शेतातून कापूस येतो तो एकटा येत नाही. त्याच्यासोबत शेतातलं, घरातलं, रस्त्यातलं पुष्कळ काही येतं. कापूस रेच्यात जायच्या आधी ते सगळं हातानं काढून टाकायचं, हे आमचं काम. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. आमच्याकडे एक लांब रबरी पट्टा होता. त्याच्यावरून कापूस सरकत यायचा आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा बाया उभ्या राहून वेचायच्या. पट्टा कोणासाठी थांबत नाही. नजर चुकली की केस पुढे गेला, आणि केस एकदा रेच्यातून निघाला की रुईत असा मिसळतो की देवाला शोधायला बसवलं तरी सापडायचा नाही.

कोंबडीची पिसं, बिडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, पोरींच्या रिबिनी, सुतळी, टिकल्या, हे तर रोजचंच. एकदा चांदीचं जोडवं निघालं, तर त्याला चार मालकिणी उभ्या राहिल्या. सगळ्यात वाईट म्हणजे युरियाच्या पोत्याचा धागा. तो पांढरा आणि कापूसही पांढरा. शिवाय तो प्लास्टिकचा, म्हणून रंग घेत नाही. सूत कातून होतं, कापड विणून होतं, ते निळं रंगवतात, आणि मग त्या निळ्यावर एक पांढरी रेघ उठते. तोवर कापूस पिकवणारा आणि आम्ही वेचणाऱ्या कुठल्या कुठं मागे राहिलेलो असतो.

म्हणून आमच्यावर नियम फार. केस पांढऱ्या फडक्यात बांधायचे. डबा प्लास्टिकच्या पिशवीत आणायचा नाही. टिकली लावायची नाही, कारण ती घामानं सुटते. कुंकू लावलेलं चालायचं. ते पडत नाही असं सगळ्यांचं मत होतं.

नार्नूरकडचा एक म्हातारा एकदा गेटवर येऊन बसला. कापूस आणताना तो टेम्पोत ढिगावरच झोपला होता आणि उठला तेव्हा तोंडात वरचे दात नव्हते. म्हणजे बनावट दातांची कवळी. वॉचमनला तो बोळक्या तोंडानं सांगायचा आणि वॉचमनला काही उमगायचं नाही. दोन दिवसांनी तो सरळ आमच्या पट्ट्यापाशी आला.

"माहे दात आले का वो बाई तुमच्याकडं?"

"कोणचे, आजोबा? दुधाचे का?" वच्छलानं विचारलं.

"थट्टा नोको करू, माय. दोन दिसापासून कण्या खाऊन राह्यलो."

तिसऱ्या दिवशी दात निघाले आणि तेही वच्छलाच्याच हाताला लागले. तिनं ते वर धरले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडली, "या लवकर, आजोबा! तुमी रडून राह्यले अन् तुमचे दात पाहा कसे हसून राह्यले!" म्हाताऱ्यानं ते नळावर धुतले, तिथंच बसवले आणि तिला आशीर्वाद दिला. तीन दिवसांत त्याचं बोलणं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

वच्छला माझ्या उजव्या हाताला उभी राहायची. मी कमी बोलते. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागं सरकते, पहिल्यापासूनच. दिवसभरात माझ्या वाटचं जे काही बोलायचं असेल ते वच्छलाच बोलून टाकायची. नवऱ्यानं टाकली म्हणून ती गुडीहत्नूरला भावाच्या घरी राहायची. भावजय वाईट नव्हती. पण हंगाम चालू असला की वच्छलाच्या ताटात भाजी आधी पडायची आणि हंगाम संपला की शेवटी. हे तीच हसत सांगायची. "दिवाळी ते होळी मी नणंदबाई, होळी ते दिवाळी नुसती बाई," म्हणायची. त्या घरात तिचा जो काही मान होता तो या कामावर होता. काम गेलं असतं तर तिला दुसरं दार नव्हतं.

मी चौथी शिकलेली. गाठीवरचा नंबर वाचता येतो आणि नावं लिहिता येतात, एवढ्यावर मला मुकादमीण केलं. चोवीस जणींनी काय काढलं आणि काय सोडलं, दोन्हीची जबाबदारी मुकादमिणीवर. मी कोणाला रागावत नव्हते. नुसती जाऊन शेजारी उभी राहायची. वच्छला म्हणायची, "तुह्या उभं राह्यण्यापेक्षा शिव्या बऱ्या."

रुई दाबून तिची गाठ करतात. एक गाठ पावणेदोन क्विंटलच्या जवळपास भरते. आमच्या गाठी पूर्वी कोईमतूरकडे आणि गुंटूरकडे जात. मग एका वर्षी मॅनेजर राव सारांनी सांगितलं, यंदाचा पहिला लॉट बांगलादेशला जाणार. राव सार निजामाबादकडचे, तेलुगू बोलणारे, त्याच वर्षी नवे आले होते. आमच्याशी ते हिंदीत बोलत.

"बांगलादेश कोठं आलं, सार?" वच्छलानं विचारलं.

"विशाखापट्टणम मालूम? वहाँ से समंदर. समंदर के उस बाजू."

"म्हंजे समुद्र एकच?"

"एकीच. इधर का किनारा अपना, उधर का उनका."

"मंग शेजारीच की! नुसतं मधात पाणी हाय."

राव सार हसले. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं ते असं. त्यांच्याकडे कापूस फारसा पिकत नाही, पण सुताच्या गिरण्या पुष्कळ आणि शिवणारे हात त्याहून पुष्कळ. आपल्याकडे कापूस आहे. दूरच्या देशातून मागवला तर जहाजाला महिना-दोन महिने लागतात, आपल्याकडून थोडे दिवस. दोन्ही सरकारांनी बसून काही कागद केले आहेत, जकातीचं काही ठरलं आहे, म्हणून हा माल जातो. पण ते लोक माल फार बारकाईनं बघतात. एक धागा सापडला तरी लिहून पाठवतात. "इसलिए डोळे खुले रखो," ते म्हणाले. डोळे हा एक मराठी शब्द त्यांना पहिल्या आठवड्यातच आला होता.

आता आमच्या रिवाजाबद्दल लिहिते. आमच्याकडे शेतात पहिली वेचणी करायच्या आधी सीतादही करतात. घरची बाई शेतात जाते, कापसाच्या झाडाखाली पाच खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात ठेवते आणि मग पहिलं बोंड वेचते. वेचणीला बरकत यावी म्हणून. जिनिंगमधल्या आम्ही सगळ्या अशाच घरांतल्या. तिथंही हंगामाची पहिली गाठ दाबायच्या आधी मुकादमीण आपल्या शेतातला ओंजळभर कापूस आणायची, त्याला हळदकुंकू लावायची आणि प्रेसच्या पेटीत रुईवर ठेवायची. गाठ सासरी चालली, तिची ओटी भरल्याशिवाय कशी धाडायची? माझ्या आधीची मुकादमीण हे करायची. तिच्या आधी कोण करायचं ते मला ठाऊक नाही. जुना फिटर तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहायचा. कोईमतूरहून कधी तक्रार आली नाही. तिकडच्या गिरणीत कोणाच्या हाती ते लागलंही असेल, तर त्यांनी ओळखून बाजूला काढलं असेल.

सकाळी त्याच हातानं मी कापसातून लाल रिबीन काढून फेकायची आणि दुपारी त्याच हातानं रुईवर कुंकू ठेवायची. मला ते कधी खटकलं नाही, कोणालाच नाही. हळदकुंकवाला कचरा म्हणता येतं, हे आमच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षीही मी ओटी ठेवली. वच्छला शेजारीच होती. "जाय वं माय, समुद्रापल्याड जाय," ती गाठीला म्हणाली. त्याच दिवशी संध्याकाळी गाठीला बांधायची पोलादी पट्टी बाजूला सारताना तिचं बोट कापलं. बरंच रक्त आलं. फडकं बांधलं आणि राव सारांनी ते नियमाप्रमाणे रजिस्टरात लिहून ठेवलं, तारीख, नाव, कोणतं बोट, सगळं.

संक्रांत झाली आणि तिकडून पत्र आलं, सोबत फोनवर फोटो. पहिल्या लॉटच्या एका गाठीत रक्तानं माखलेली रुई निघाली, सगळा लॉट अडकवून ठेवला आहे, आमचा माणूस पुढच्या बुधवारी येतो, त्याचं समाधान झालं नाही तर पुढचा माल घेणार नाही.

राव सारांनी पट्टा बंद करवला आणि फोटो सगळ्यांना दाखवला. पांढऱ्या रुईत एक लालभडक गोळा. गाठ दाबताना रुईवर पाणी फवारतात, त्यानं तो पसरून मोठा झाला होता. मी एका नजरेत ओळखला. चोवीसही जणींनी ओळखला असणार. राव सारांच्या घरीसुद्धा देवापुढे कुंकू असेलच, पण कागदावर रक्त लिहिलं होतं, म्हणून त्यांना रक्त दिसलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, तारीख जुळली, नाव निघालं.

"वच्छलम्मा, तुम घर कू जाओ. साब आके जाने तक आना नक्को."

"मंग? त्याच्यानंतर?"

"नंतर का नंतर देखेंगे. लॉट वापस आया तो मेरीच नोकरी नहीं रहती, तुम्हारी क्या बोलूँ."

वच्छलानं डोक्याचं फडकं सोडलं. त्याची नीट घडी केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पट्ट्याकडे पाहिलं. ती गेली.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला नाही. सुमनबाई आमच्यात सगळ्यात वडील. त्या म्हणाल्या, "रुखमे, तुह्या मनात काय हाय ते मले दिसून राह्यलं. नोको बोलू."

"वच्छलाचं काम जाईल."

"एकीचं जाईल. कुंकवाचं नाव घेशील त चोवीस जणी घरी बसतीन. आमी सगळ्याच उभ्या व्हतो तिथं. अन् तू त मुकादमीण. रंगीत काही जाऊ द्याचं नाही हेच तुहं काम, अन् तूच टाकलं. काय सांगशील?"

खरं सांगायचं तर मला याचं उत्तर नको होतं. मला न बोलायला कारण पाहिजे होतं आणि सुमनबाईंनी ते आयतं दिलं.

त्यानंतर आठ दिवस गेले. वच्छलाच्या भावाचं घर माझ्या वाटेवरच होतं. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर तूर पाखडत बसलेली दिसली. तिनं मान वर केली. मी पदर सारखा केला आणि पुढं चालायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या गल्लीनं जाऊ लागले. तिकडून लांब पडतं, पण गेले. तिलाही सगळं ठाऊक होतं. तिनं एका शब्दानं भावजयीला किंवा राव सारांना सांगितलं असतं तर ती सुटली असती. तिनं माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही.

बुधवारी तो माणूस आला. मला वाटलं होतं कोणी सूटबूटवाला असेल. हे पन्नाशीचे, बारीक, पायात साधी चप्पल. नाव अनवर साहेब. त्यांनी आधी सगळी शेड पाहिली. पट्ट्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि स्वतः हात घालून दोन केस आणि एक पीस काढलं. सफाईनं काढलं. हा माणूस कधीतरी पट्ट्यावर उभा राहिलेला आहे, हे आम्ही ओळखलं.

मग ऑफिसात वच्छलाला बोलावलं आणि मुकादमीण म्हणून मलाही. मालक शेठ खुर्चीवर, राव सार रजिस्टर घेऊन उभे. अनवर साहेबांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. तो लाल गोळा. आठवडाभर फोटोत पाहिला होता, आता समोर होता.

"हमको झगड़ा नहीं करना है," ते म्हणाले. "सिर्फ ये जानना है कि किसको चोट लगा, कितना लगा, इलाज हुआ कि नहीं. हमारा कपड़ा जो लेता है, वो हमसे पूछता है."

"मामूली चोट, साब. उँगली का. ये अम्मा," राव सार म्हणाले.

साहेबांनी वच्छलाकडे पाहिलं. "आपा, ये आपका खून है?" थोरल्या बहिणीला ते आपा म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"बोट माहंच कापलं व्हतं," वच्छला खाली पाहून म्हणाली.

"हाँ, लेकिन ये खून?"

"बोट माहंच व्हतं."

ती खोटं बोलत नव्हती आणि खरंही पुरतं सांगत नव्हती. राहिलेलं सांगायचं माझ्याकडे होतं आणि तिनं ते तसंच ठेवून दिलं. राव सारांनी पेन काढलं. "लिख लेता मैं, साब. इसको निकाल दिया बोलके लिख देता."

"गाठ बांधून किती दिस झाले, सार?" मी विचारलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा वाटला.

"क्या? दो महीने ऊपर. क्यों?"

"मंग हे लाल कसं राह्यलं?"

कोणाला काही कळलं नाही. तिघंही माझ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य मला बोलावंच लागणार होतं. तीन परक्या पुरुषांपुढे असं काही मी त्याआधी बोलले नव्हते आणि नंतरही बोलले नाही. आज हे वहीत लिहितानाही थोडं थांबले.

"रक्त लाल राह्यत नाही, साहेब. कापसावर त नाहीच. दुसऱ्या दिशी काळपट होते, मंग तपकिरी. हे... बायायले माईत असते."

शेठ पंख्याकडे बघू लागले. राव सारांनी रजिस्टराचं एक पान उलटलं, मग तेच पान परत उलटलं. अनवर साहेबांना मराठी समजलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "क्या बोला आपा ने?"

राव सारांची पंचाईत झाली. "वो बोल रही, साब... मतलब खून... औरत लोगां को... मतलब, काला पड़ जाता बोलके."

साहेबांनी पुडीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हमारे यहाँ जो औरतें रुई चुनती हैं, वो लोग भी बोला था कि ये खून नहीं है. हमने पूछा, तुमको कैसे मालूम? वो लोग चुप हो गया." त्यांनी पुडी आपल्याकडे ओढली. "तो फिर ये क्या है?"

माझ्या पदराला रुई चिकटलेली होती, ती कायमच असायची. तिचा लहानसा बोळा केला, बोट ओलं केलं, कपाळाचं कुंकू घेतलं, बोळ्यावर चोळलं आणि त्या गोळ्याशेजारी ठेवलं. दोन्ही सारखेच दिसत होते.

"कुंकू हाय. मी टाकलं. वच्छलाचा काही संबंध नाही."

"कुंकुमा?" राव सारांचा आवाज चढला. "गाठ में? एंदुकम्मा? किसलिए?"

"पहिली गाठ सासरी जाते, सार. पोरीले सासरी धाडतानी ओटी भरतेत न. तसं."

हे सांगायला राव सारांना सोपं गेलं. "बेटी की बिदाई बोल रही, साब. बेटी समझ के कुंकुम डाली."

अनवर साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही बोळे हातात घेऊन पाहिले. मग म्हणाले, "तो हम ससुराल वाले हुए. और ससुराल वालों ने पहले ही दिन शिकायत लगा दिया."

आता शेठ मोठ्यानं हसले. सुटल्यासारखे हसले. त्यांनी चहा मागवला. चहा पिताना साहेबांनी राव सारांच्या खांद्यावरची शिलाई निरखून पाहिली आणि म्हणाले की हा शर्ट आमच्या बाजूचा दिसतो. राव सार म्हणाले, कुठला, हैदराबादला घेतला आहे. मग शेठनी स्वतः उठून त्यांची कॉलर मागून उलटी केली आणि आतली चिठ्ठी वाचली. साहेबांचं खरं होतं. राव सार दिवसभर कॉलर सारखी करत होते.

जाताना साहेब माझ्यासमोर थांबले. आता ते हसत नव्हते. "आपा, हमारा कपड़ा सफ़ेद होता है. इतना सा लाल धागे में गया तो बहुत दूर तक जाता है. दुआ देना है तो मुँह से दीजिए. रुई में मत डालिए."

मी मान हलवली.

लॉट सुटला. पुढचा मालही गेला. गेटवर तीन भाषांत पाटी लागली की हळद, कुंकू, गुलाल आत आणू नये. मराठीतली पाटी राव सारांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. अक्षर चांगलं आलं होतं. मला त्या हंगामापुरतं घरी बसवलं. चोवीस जणी घरी बसतील ही सुमनबाईंची भीती खोटी ठरली, मी एकटीच बसले. आणि मुकादमीण वच्छलाला केलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण राव सार म्हणाले, ज्या बाईचं नाव फुकट खराब झालं ती आता कोणाला काही टाकू देणार नाही.

त्या दिवशी ऑफिसातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघी गेटपर्यंत बरोबर चाललो. वच्छला एवढंच म्हणाली, "आठ दिवस, रुखमे."

सुमनबाईंचं नाव घ्यायचं जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

पुढच्या हंगामात मला पट्ट्यावर परत घेतलं. वच्छला सगळ्यांशी पूर्वीसारखीच बोलायची, थट्टा करायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. आमच्यात भांडण झालं नाही, त्यामुळे ते मिटवायलाही कोणी आलं नाही. पहिल्या गाठीच्या वेळी बाया आता हात धुऊन पेटीपाशी उभ्या राहतात आणि तोंडानं जे म्हणायचं ते म्हणतात. "सुखी राय, माय. सासरच्याले नावं ठेवू देऊ नोको," असं सुमनबाई म्हणायच्या तेव्हा सगळ्या हसायच्या. मीही हसायची. मधल्या काही वर्षांत तिकडं त्यांच्या देशात गडबड झाली, कधी बंदरावरच माल अडला, तेव्हा गाठी शेडमध्ये पडून राहायच्या आणि आम्हालाही बसवून ठेवायचे. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तो बंद आहे की चालू, हे मात्र आम्हाला पट्ट्यावर कळायचं.

पाटी लागल्यापासून रोज सकाळी आत जाताना मुकादमिणीनं प्रत्येकीचे हात बघायचे, असा नियम झाला. तळहात, मग उलटे, मग बोटांच्या बेचक्या. सणावाराला हळद तिथंच राहते. वच्छला बाकीच्यांचे हात बघता बघता गप्पा मारायची. माझी पाळी आली की गप्पा थांबायच्या. ती माझा एक-एक हात धरून सावकाश पाहायची, मग म्हणायची, "जाय." नव्या बायांना वाटायचं, मैत्रीण आहे म्हणून हात धरून ठेवते.

असे बारा हंगाम गेले. मग धुळीनं छाती भरायला लागली आणि डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. शेवटच्या दिवशी रांगेत उभी असताना मला वाटलं, आज ही म्हणेल, राहू दे वं, आज काय पाहाचं. शेठनी तिला तोवर चष्मा करून दिला होता. तिनं तो लावला. माझे तळहात पाहिले, हात उलटे केले, बेचक्या पाहिल्या. रोजच्याइतकाच वेळ लावला, कमी नाही आणि जास्त नाही.

"जाय," ती म्हणाली.

मी आत गेले, केस बांधले आणि सहा वाजेपर्यंत कचरा वेचला.